दहा दाणे

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात केस वाळवत उभी होते आणि शेजारच्या काकू आल्या. पदराखाली स्टीलचा डबा होता. चकल्या-करंज्या असतील असं वाटलं, कारण आमच्याकडे त्या दिवशी डबे इकडून तिकडे फिरतच असतात. पण काकूंनी झाकण उघडलं तर आत तांदूळ. बारीक, किंचित पिवळसर, वर्षभर मुरलेला. "जुना एचएमटी हाय. पुण्याले घेऊन जा. भात मोकळा होते." आई म्हणाली, "काहून वं, तुमच्याच घरी यंदा धान कमी पिकला." त्यावर काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरीनं पुण्याहून मदत केली ना बाप्पा. तेवढं तं घेतलंच पाहिजे." मी डबा घेतला. खाली वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या ओल्या केसांवरून हात फिरवला आणि त्या गेल्या.

मी काहीच मदत केली नव्हती.

झालं होतं ते असं. ऑगस्टमध्ये काका धानाच्या बांधीत निंदणाला गेले असताना त्यांना साप चावला. तालुक्याच्या ठिकाणाहून नागपूरला हलवलं, तिथे नऊ दिवस व्हेंटिलेटर. त्यांच्या भाच्याने लोकवर्गणीच्या एका ॲपवर पान तयार केलं आणि लिंक गावाच्या ग्रुपवर टाकली. मला ती पुण्यात रात्री सव्वाअकराला दिसली. मी लिंक उघडली. काकांचा तो फोटो मी ओळखत होते, माझ्या दादाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. बाजूची माणसं कापून फक्त त्यांचा चेहरा ठेवला होता. खाली पाचशे, हजार, अडीच हजार असे चौकोन होते आणि त्याखाली ॲपसाठीची 'टिप' आधीच मिळवून ठेवलेली. माझ्या खात्यात अकराशे चाळीस रुपये होते आणि मेसचे पैसे द्यायचे होते. चौकोनात स्वतःचा आकडा टाकायची सोय होती. पन्नास टाकता आले असते, शंभर टाकता आले असते. पण अडीच हजाराच्या शेजारी शंभर लिहायला हात पुढे झाला नाही. उद्या बघू म्हटलं आणि लिंक तीन ग्रुपवर पुढे पाठवली: "आमच्या शेजारचे काका आहेत, शक्य तेवढी मदत करा." शेवटी जोडलेले दोन हात. तो उद्या पुढे आलाच नाही. आईने मात्र काकूंना सांगितलं की पुण्यात हिने सगळ्यांना कळवलं, पैसे पाठवायला लावले. आईच्या मनात ते खरंच तसं होतं.

आणि त्याच रात्री, लिंक पाठवून झाल्यावर, मी फ्रीराइस हा ऑनलाइन शब्दखेळ उघडला आणि एक वाजेपर्यंत खेळत बसले. तीन हजार दोनशे दाणे झाले. मग मला छान झोप लागली. पैसे दिले नाहीत हे मला इतकं टोचलं नसतं, पण त्या रात्री मी समाधानाने झोपले. डबा हातात घेऊन मी उभी होते तेव्हा हीच झोप आठवत होती.

फ्रीराइस खेळायला मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी लागले. इंग्रजी सुधारायचं होतं. एक शब्द येतो, खाली चार अर्थ. बरोबर अर्थ निवडला की पडद्यावरच्या लाकडी वाटीत दहा दाणे पडायचे. आपण खेळतो तेव्हा जाहिराती दिसतात आणि त्या जाहिरातींचे पैसे जागतिक अन्न कार्यक्रमाकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या ज्या संस्थेला २०२० चं शांततेचं नोबेल मिळालं तिच्याकडे जातात. जॉन ब्रीन नावाच्या अमेरिकन माणसाने २००७ मध्ये हे सुरू केलं, मुलाला परीक्षेसाठी शब्द पाठ करायला मदत व्हावी म्हणून. याच माणसाने १९९९ मध्ये द हंगर साइट काढली होती, तिथे दिवसातून एकदा बटण दाबलं की कुणाच्या तरी ताटात अन्न जायचं. पुढे २००९ मध्ये त्याने फ्रीराइस अन्न कार्यक्रमाला देऊन टाकलं. मला तो माणूस आवडतो. मुलाच्या अभ्यासाला बसलेला बाप आणि त्याच टेबलावर जगातल्या भुकेचा विचार, हे एकत्र आलं याचं मला फार अप्रूप वाटतं. आमच्या वर्गातल्या सहा जणींचा तिथे गट होता. कुणाचे किती दाणे झाले यावर चुरस असायची. परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी खेळलं नाही तर दुसरी म्हणायची, "आज उपाशी ठेवलंस गं त्यांना."

तिथेच मला एकदा 'ग्लीन' हा शब्द आला. मी 'चमकणे' निवडलं. चूक. बरोबर अर्थ होता, कापणीनंतर शेतात राहिलेलं धान्य वेचून गोळा करणं. वाटीत काही पडलं नाही, आणि मी पडद्याकडे बघत राहिले, कारण या कामाला आमच्याकडे शब्द आहे, सरवा. आणि माझ्या आजीचं अर्धं आयुष्य सरवा वेचण्यात गेलंय. तिच्या माहेरी जमीन नव्हती. धान कापून, भारे बांधून, पुंजणे रचून झाले की बायका आणि पोरं टोपल्या घेऊन बांधीत उतरायची. खुंटं पायाला टोचायची. तुटून पडलेल्या लोंब्या एकेक करून उचलायच्या, उंदरांच्या बिळात हात घालून तिथला साठाही काढायचा. आजी सांगायची की चांगला मालक असला तर तो मुद्दाम भारे जरा सैल बांधायला लावायचा. आणि सरवा वेचायची वेळ झाली की त्या बाजूला फिरकायचाच नाही. बांधावर उभं राहून बघितलं तर वेचणाऱ्या बाईला खाली बघावं लागतं, म्हणून. आजी त्या मालकाचं नाव शेवटपर्यंत आदराने घ्यायची.

दादाची गोष्ट या सगळ्याच्या आधीची. मी दहा वर्षांची होते, तो बारावीत. तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर सायबर कॅफे होता, तासाला पंधरा रुपये. प्लायवूडचे खण, पंख्याची घरघर, की-बोर्डवरची अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. क्लास सुटल्यावर दादा मला घेऊन तिथे जायचा आणि फेसबुकवर फार्मविल उघडायचा. तो खेळ २००९ च्या जूनमध्ये आला आणि वर्षभरात जगभरचे कोट्यवधी लोक तिथे पेरणी करत होते. दादाचं शेत मला अजून जसंच्या तसं दिसतं. तपकिरी चौकोन, कडेला पांढरं कुंपण, कोपऱ्यात एक गुलाबी गाय. स्ट्रॉबेरी चार तासांत यायची. भात बारा तासांत. आम्ही पऱ्हे टाकण्यापासून मळणीपर्यंत साडेचार महिने धानाची वाट बघणारे लोक, आणि इथे सकाळी पेरलेला भात संध्याकाळी कापायला तयार. वेळेवर कापला नाही तर वाळून जायचा. म्हणून दादा रविवारी सुद्धा काहीतरी निमित्त काढून आठ किलोमीटर सायकल हाणत जायचा. बाबा म्हणायचे, घरच्या बांधीत पाणी किती आहे ते बघायला याला वेळ नाही. रागाने नाही, जरा खिन्नपणे.

एकदा त्या खेळात रताळ्याचं बियाणं विकायला आलं. खरे पैसे देऊन घ्यायचं आणि त्यातले निम्मे पैसे हैती नावाच्या देशातल्या मुलांसाठी जाणार. पुढे १२ जानेवारी २०१० ला तिथे मोठा भूकंप झाला, तेव्हा याच कंपनीच्या खेळांमधून खेळणाऱ्यांनी पाच दिवसांत १५ लाख डॉलर दिले. हे मी पुढे वाचलं. तेव्हा मला फक्त इतकं कळलं की दादाकडे ते घ्यायचं कार्ड नाही. आमच्या घरात कुणाकडेच नव्हतं. दादाने दुकानदाराला विचारलं, इथून पैसे भरता येतील का. त्याने मान हलवली. दादा जरा वेळ त्या रताळ्याच्या चित्राकडे बघत बसला, मग म्हणाला, "चल, आपण नुसतं शेजाऱ्यांच्या शेतात खत टाकून येऊ." ते फुकट होतं. आम्ही पंधरा-वीस शेतांमधून फिरलो. परतताना पूर्ण रस्ता तो गप्प होता. २०२० च्या ३१ डिसेंबरला तो खेळ बंद झाला. तोवर दादा घरची शेती बघायला लागला होता. त्या रात्री त्याचा मेसेज आला, "आज आपलं ते शेत गेलं." मी काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही. मी एक रडका चेहरा पाठवला.

सोपं देणं आणि खरं देणं अशी सरळ रेघ ओढून मोकळं व्हावं असं मला पुष्कळदा वाटतं, पण ती रेघ माझ्या हातून ओढली जात नाही. हैतीला गेलेले पैसे खरेच होते. फ्रीराइसचा तांदूळ कुठल्यातरी छावणीत खरंच शिजतो. खोटं त्यात काही नाही. दुसरीकडे, मागच्या सत्रात सेमिनारसाठी मी एक शोधनिबंध वाचला होता, फेसबुकवरच्या 'कॉजेस' या ॲपवरचा. सुदानमधल्या दारफूरसाठी तिथे एक गट होता, बारा लाखांच्या आसपास सदस्य. त्यांची सगळी आकडेवारी अभ्यासकांना मिळाली. शंभरातल्या नव्व्याण्णवांहून जास्त जणांनी एक पैसाही दिला नव्हता. बहुतेकांनी दुसऱ्या कुणाला गटात आणलंही नव्हतं. सामील झाले आणि तिथेच थांबले. वर्गात मी तो आलेख दाखवला. एका बाजूला आकाशाला भिडलेला खांब आणि बाकी सगळं जमिनीला चिकटलेलं. सगळे हसले, मीही हसले. तो ऑगस्टच्या आधीचा महिना होता. आता तो आलेख डोळ्यांपुढे आला की त्या उंच खांबात मी कुठे उभी आहे तेही दिसतं. आणि मला हेही दिसतं की त्या खांबातली माणसं वाईट नाहीत. त्यांच्यातल्या कितीकांनी त्या रात्री हळहळून बटण दाबलं असेल, आणि दाबल्याबरोबर ती हळहळ शांत झाली असेल. माझ्या त्या जोडलेल्या दोन हातांनी काकांसाठी काय केलं ते मला सांगता येणार नाही. माझ्या जिवाची तगमग मात्र त्यांनी तिथल्या तिथे मिटवली. ती जरा वेळ राहिली असती तर कदाचित मी शंभर रुपये टाकले असते.

खोलीतली माझी मैत्रीण साताऱ्याकडची. ती रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजात शिकली. दिवाळीनंतर परत आल्यावर मी तिला डब्याची गोष्ट सांगितली, ती गप्प ऐकत होती. मग तिने मुष्टिफंडाचं सांगितलं. मला माहीत होतं, पण वाचून, तिला पणजीकडून. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या पोरांसाठी घरोघरच्या बायका रोज स्वयंपाकाला तांदूळ-ज्वारी घेताना एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायच्या. आठवड्याने पोरं येऊन ते धान्य घेऊन जायची. तिची पणजी म्हणायची, की आधी स्वयंपाकाचं धान्य मापून घ्यायचं आणि मग त्याच्यातूनच मूठ काढायची. कणगीतून वेगळी मूठ काढायची नाही. म्हणजे त्या दिवशी घरात एका मुठीचं जेवण कमीच व्हायचं, आणि ते बहुतेक शेवटी जेवणाऱ्या बाईच्याच ताटातलं असायचं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र दिलं ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. या मुठी कुणी मोजल्या नाहीत.

त्या रात्री ती झोपल्यावर मी डबा उघडला. मला एकदा बघायचं होतं. वहीच्या कोऱ्या पानावर आधी दहा दाणे मांडले, माझ्या एका बरोबर उत्तराचे. पेनाच्या टोपणात मावतील एवढे. मग चहाचा एक चमचा भरून घेतला आणि दहा-दहाच्या ओळी लावत गेले. टेबललॅम्पच्या उजेडात ते दाणे पिवळट दिसत होते. काहींना टोकाशी तूस चिकटलेलं, दोन-तीन तुटलेले. वास येत होता, आमच्या सांदवाडीतला, पोत्यांचा आणि कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा. चमच्यात चारशे बारा दाणे निघाले. म्हणजे चाळीसहून जास्त शब्द. मूठभर तांदळात असे दहाएक चमचे बसतात. पणजीबाईंची एक मूठ म्हणजे माझे चारशे शब्द, तेही एक न चुकता. माझे त्या रात्रीचे तीन हजार दोनशे दाणे एका मुठीएवढेही भरत नव्हते. मला यात वाईट वाटायला हवं होतं, पण वेगळंच काहीतरी वाटलं. इतके दिवस 'दाणे' हा माझ्यासाठी आकडा होता, उजव्या कोपऱ्यात वाढत जाणारा. आता बोटाच्या टोकाला त्याचं टोक टोचत होतं.

आणि तो एचएमटी होता. आमच्या शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये स्वतःच्या शेतात तीन वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी जपलं, वर्षानुवर्षं निवडत नेलं आणि हे वाण उभं केलं. नाव पडलं ते त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून. पुढे ते बी राज्याराज्यांत पसरलं, कितीतरी शेतकरी त्यावर सावरले. दादाजी मात्र शेवटपर्यंत गरिबीतच राहिले आणि २०१८ च्या जूनमध्ये दीर्घ आजारानंतर गेले. आमच्याकडे धान पेरणाऱ्या कुणालाही विचारा, तो त्यांचं देणं लागतो. कुठल्याच वाटीत त्याची नोंद झालेली नाही. मी ते चारशे बारा दाणे परत डब्यात लोटले. एक टेबलाखाली गेला, तो शोधून काढला.

फ्रीराइस मी बंद केलं का, असं गटातल्या एकीने परवा विचारलं. नाही केलं. शब्द अजून शिकते. पण झोपायच्या आधी खेळत नाही, दिवसा खेळते. मैत्रीण अभ्यासाला बसली की फोनवर फॉरेस्ट नावाचं ॲप लावते. फोनला हात लावला तर त्यातलं झाड मरतं. अडीच हजार नाणी साठली की कुठेतरी खरं झाड लावलं जातं. तिने एक लावलंय. त्याबद्दल बोलताना तिचा चेहरा उजळतो आणि ते मला कधीच खोटं वाटलेलं नाही. दादाचाही चेहरा त्या प्लायवूडच्या खणात असाच उजळायचा. ज्याला कुठेतरी काहीतरी द्यायचंय आणि हातात फक्त एक पडदा आहे, अशा माणसाचा चेहरा मी ओळखते.

गेल्या रविवारी आम्ही तो तांदूळ शिजवला. खोलीतल्या इंडक्शनवर, दोन वाट्या, मोजून चार वाट्या पाणी. काकू म्हणाल्या होत्या तसाच झाला, शीत न शीत मोकळं. वर मैत्रिणीने केलेली लसणाची आमटी. पहिला घास घेऊन ती जरा थांबली आणि म्हणाली, "तुला एक सांगू का? तू ती लिंक पाठवली होतीस ना, त्यात मी तीनशे टाकले होते. नाव नव्हतं दिलं." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "सांगायचं काय त्यात."

मी हात धुतला आणि काकूंना फोन लावला. काका आता काठी घेऊन बांधापर्यंत जातात, असं त्या सांगत होत्या. डावा पाय अजून जड आहे. मी मधेच म्हटलं, "काकू, मी पैसे दिले नव्हते. मी फक्त पुढे पाठवलं होतं. दिले ते माझ्या मैत्रिणीनं. तुम्ही मला तांदूळ दिला, ते माझ्या जिवाला लागलंय." पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मागे कुणीतरी बकरी हाकलत होतं. मला वाटलं फोन कट झाला.

"हाय का ती तिथं, तुयी मैत्रीण?"

"आहे. जेवतेय. तुमचाच भात."

"मंग तिले अजून वाढ. खरवडीसकट वाढ."

मी फोन खांद्याला दाबून धरला आणि पातेलं पुढे ओढलं.